गांडूळखताच्या चहाचं किट: चहाला पूर्ण मार्क, किटला काठावर पास, बाटली नापास

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला फ्लॉवर शो असतो ना, तिथल्या एका स्टॉलवरून हे किट घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नंतर ऑनलाइन बघितलं तर थोड्याफार फरकाने असंच किट वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, खोका वेगळा, आतला माल बहुतेक तोच. दीड हजाराच्या आसपास पडलं आणि त्यातच 'तयार व्हर्मी टी' म्हणून एक लिटरची बाटली. आता उन्हाळा आणि पाऊस दोन्ही बघून झालेत आणि सोसायटीतल्या निम्म्या बायका घेऊ का, घेऊ का विचारून गेल्यात, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते म्हणजे परत परत जिन्यात उभं राहून सांगायला नको. चहा जरूर करा. त्यासाठी किट लागत नाही. आणि बाटली तर फुकट मिळाली तरी झाडांना घालू नका.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गांडुळं शेण, पालापाचोळा, भाजीची देठं असलं सगळं खातात आणि मागे काळी रवाळ विष्ठा टाकतात, तेच आपलं गांडूळखत. ते कापडात बांधून पाण्यात सोडायचं, पाण्यात थोडा गूळ किंवा काकवी घालायची आणि फिश टँकचा पंप लावून दिवसभर बुडबुडे सोडत ठेवायचे. खतातले जिवाणू, बुरशीचे धागे, बारीक बारीक प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) पाण्यात उतरतात, गुळावर पोसले जातात, हवा मिळत राहिली की भराभर वाढतात. मग ते पाणी गाळून झाडांना. चहा म्हणतात कारण कोऱ्या चहासारखा रंग येतो, बाकी उकळायबिकळायचं काही नसतं. हे लिहावं लागतंय कारण आमच्या शेजारच्या काकूंनी खरंच विचारलं होतं, "अगं, गॅसवर कोणत्या भांड्यात करतेस?"

एक गोंधळ सगळीकडे आहे तो आधी मिटवते. चहा, व्हर्मीवॉश आणि डब्याखालचं पाणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार तिन्हीला एकच नाव लावून विकतात. व्हर्मीवॉश म्हणजे भरपूर गांडुळं असलेल्या थरांवरून थेंब थेंब पाणी सोडायचं, ते गांडुळांच्या अंगावरून आणि त्यांच्या बिळांतून झिरपत खाली येतं, ते गोळा करायचं. डब्याखालचं पाणी म्हणजे आपण ओला कचरा जास्त टाकला की त्याचा सुटलेला काळा रस, त्यात अर्धवट कुजलेलं काहीही असू शकतं आणि तो बिनहवेचा साचलेला असतो. तो रस रोपांना डायरेक्ट घातला तर पानं करपतात, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी दहापट पाणी घालून दिला तर एकवेळ ठीक. चहा मात्र तयार, पूर्ण पिकलेल्या खतापासूनच होतो. किटच्या पत्रकात या तिन्हीची सरमिसळ आहे, एका ओळीत टी आणि पुढच्याच ओळीत व्हर्मीवॉश, वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजा.

आता खोक्यात काय काय आहे ते. पंधरा लिटरची झाकणाची बादली, छोटा एअर पंप, प्लास्टिकची नळी, एक एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड), नाडीची पिशवी, एक एक किलोची गांडूळखताची पाकिटं, गुळाची पावडर, ती बाटली आणि पत्रक. बादली चांगली जाड आहे, तक्रार नाही. पंप बऱ्यापैकी, आवाज घुं घुं येतो पण बाल्कनीत ठेवला की झोपमोड होत नाही. सासूबाईंना लाइटबिलाची काळजी होती म्हणून हिशोब करून दाखवला, चार वॅटचा पंप चोवीस तास चालला तर युनिटचा जेमतेम दहावा हिस्सा होतो, त्यावर त्या "मग ठीके" म्हणाल्या आणि विषय संपला.

पिशवी मात्र फालतू. नॉनवोव्हनची आहे, त्या लग्नात नारळ घालून देतात तसल्या कापडाची, शिवण उसवते आणि खत बाहेर येऊन एअर स्टोनवर बसतं. त्यापेक्षा जुना मलमलचा पंचा किंवा धुवून मऊ झालेलं सुती ओढणीचं कापड शंभर पटीने बरं. आणि सगळ्यात मोठी कमतरता म्हणजे नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच दिलेला नाही. वीज गेली की पंप बंद पडतो आणि बादलीतलं पाणी नळीतून उलटं खेचलं जाऊन पंपात जाऊ शकतं. दहा-वीस रुपयांची वस्तू, फिश टँकवाल्याकडे सहज मिळते, ती दीड हजारात बसू नये? व्हॉल्व्ह नसेल तर पंप बादलीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा, खुर्चीवर, कठड्यावर कुठेही, पण वर. पत्रकात हेही नाही. पत्रकात काय आहे तर तिप्पट वाढ, दुप्पट फुलं आणि 'एनपीकेने समृद्ध', म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश भरपूर.

त्या एनपीकेचा हिशोब करू या, कारण लोक इथेच फसतात. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात गांडूळखताचे निकष दिलेत, त्यात नत्र किमान १ टक्का, स्फुरद ०.८, पालाश ०.८, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के असं आहे. म्हणजे एक किलो खतात नत्र दहा ग्रॅम. ते दहा लिटर पाण्यात घातलं आणि समजा सगळंच्या सगळं विरघळलं (विरघळत नाही, बराचसा भाग चोथ्यातच राहतो), तरी एका लिटरला एक ग्रॅम. कुंडीला आपण पाव लिटर घालतो, म्हणजे पाव ग्रॅम. त्यात समृद्ध काय आहे? त्यामुळे चहा हे झाडाचं जेवण नाहीच, जेवण म्हणजे कुंडीतलं घट्ट खत. चहाचं काम वेगळं आहे, मातीत जिवाणू सोडायचे, जे तिथलं सेंद्रिय द्रव्य फोडून मुळांना देतात, शिवाय गांडूळखतात ह्युमिक आम्लं (सेंद्रिय पदार्थ कुजून तयार होणारी) आणि वाढीला मदत करणारी काही द्रव्यं असतात ती पाण्यात उतरतात. मातीत मुळात काही सेंद्रिय नसेल, नुसती लाल माती आणि नर्सरीवाल्याचा चिकट गोळा असेल, तर चहा घालून ते जिवाणू बिचारे खाणार काय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी नेमकं हेच केलं आणि आता सगळ्यांना सांगत फिरतात की हे सगळं थोतांड आहे म्हणून.

थोतांड नाहीये. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत क्लाइव्ह एडवर्ड्स आणि नॉर्मन अरान्कॉन यांनी गांडूळखताच्या अर्कावर बरंच काम केलंय, टोमॅटो-काकडीसारख्या रोपांची वाढ सुधारल्याचं आणि काही किडी कमी झाल्याचं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. पण दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चाल्कर-स्कॉट वर्षानुवर्षं सांगतायत की हवा सोडलेल्या कंपोस्ट टीने रोग जातात याला ठोस पुरावा फारच कमी आहे. मला दोघांचंही पटतं, कारण माझ्या गच्चीवरही तसंच दिसलं, पुढे लिहिते. आणि गांडुळांचं कौतुक काही आजचं नाही, डार्विनने १८८१ मध्ये गांडूळ आणि माती यावर अख्खं पुस्तक काढलं होतं. आपल्या पुण्यातही उदय भवाळकरांनी गांडुळांवर आयुष्य घातलंय (ध्रुपदवाले उदय भवाळकर वेगळे, हे पुण्यात सांगावं लागतं).

आता खत. या सगळ्यात पैसे घालायची एकच जागा आहे आणि ती म्हणजे खत, पंप नव्हे, बादली नव्हे. किटमधलं खत मला बरं वाटलं नाही. पाकीट फोडलं तर भुकटीसारखं कोरडं, हाताला धूळ लागली, वास काहीच नाही. चांगलं गांडूळखत दमट असतं, मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि बोटाने टोचलं की फुटतो, पाणी गळत नाही. निकषातसुद्धा ओलावा १५ ते २५ टक्के सांगितलाय आणि ९० टक्के कण ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडायला हवेत असंही आहे. पूर्ण वाळलेल्या आणि महिनोन्महिने प्लास्टिकमध्ये बंद असलेल्या खतात जिवंत काय उरलं असेल याचा विचार करा, आणि आपण तर चहा करतोय तो त्या जिवंत गोष्टींसाठीच. वासावरून बरंच कळतं. पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, मातीतले ॲक्टिनोमायसिटीज जातीचे जिवाणू ते तयार करतात, चांगल्या खतालाही तोच वास हवा. शेणाचा वास आला तर खत कच्चं आहे, अमोनियाचा झणका आला तर अजूनच कच्चं, उचलूच नका.

भेसळ हा दुसरा प्रकार. रस्त्यावर गाडीवर पोती लावून विकतात त्यात माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं शेणखत काहीही मिसळलेलं असतं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर खत टाका, ढवळा, पाच-दहा मिनिटं ठेवा. तळाला रेती-मातीचा जाड थर बसला तर तुम्ही मातीचे पैसे दिलेत, वर तांबूस तुसं तरंगली तर कोकोपीटचे. मी नंतर सिंहगड रोडच्या बाजूच्या एका नर्सरीतून सुटं खत आणायला लागले, तो माणूस स्वतः बेड लावतो, बेड बघायला देतो, आणि "मॅडम, आज नका नेऊ, चार दिवस थांबा, अजून व्हायचंय" असं सांगतो. असा माणूस सापडला की त्याला सोडू नका. भाव किटमधल्या खतापेक्षा निम्म्याहून कमी. त्यातून कधीकधी टोमॅटोची, भोपळ्याची रोपं आपोआप उगवतात, त्याने घाबरू नका, गांडूळखत थर लावून तापवलेल्या कंपोस्टसारखं गरम होत नाही म्हणून बिया मरत नाहीत. मला तर एक छान चेरी टोमॅटो असाच फुकट मिळालाय.

करायची पद्धत पत्रकापेक्षा थोडी बदलून मी अशी करते. पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, पिण्याच्या पाण्यात ते असायलाच हवं, पण जिवाणू मारणं हेच त्याचं काम आहे आणि आपल्याला ते वाढवायचेत. एक दिवस उघडं राहिलं की उडून जातं, घाई असेल तर खत न घालता नुसता पंप तास-दोन तास चालवला तरी बराच फरक पडतो. पंधरा लिटरच्या बादलीत दहा लिटरच पाणी घ्यायचं कारण फेस येतो आणि बाल्कनी पुसत बसावं लागतं. खत किलोच्या आसपास, पंच्यात सैल बांधून, घट्ट नाही, आतून पाणी खेळलं पाहिजे. गुळाची पावडर मी संपवली आणि परत आणली नाही, दौंडकडच्या गुऱ्हाळावरची काकवी घरात असतेच, ती दोन मोठे चमचे, बास. पांढरट-पिवळट गूळ नको, काळपट घ्या. जास्त गोड केलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही, उलट जिवाणू इतके भराभर वाढतात की पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात आणि पंप पुरा पडत नाही, मग वास मारायला लागतो.

किती वेळ चालवायचं यावर पत्रक म्हणतं ४८ तास. हे थंड हवेच्या देशातलं उचललेलं दिसतंय. आपल्याकडे पुण्यात थंडीच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत ३६ तासापर्यंत ठीक आहे, पण एप्रिल-मेमध्ये २४ तासाच्या वर नकोच, मी तर वीस-एक तासात काढते. कारण साधं आहे, पाणी गरम झालं की त्यात हवा कमी मावते, २० अंशाला लिटरमध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहतो तो ३० अंशाला साडेसातवर येतो, आणि त्याच वेळी जिवाणूंची भूक वाढलेली असते. बादली सावलीत ठेवा हे सांगायला नको. आणि पुणेकरांसाठी खास सूचना, बुधवारी रात्री लावू नका. गुरुवारी पाणी बंद असतं हे तर सगळ्यांना पाठ आहे, पण दुरुस्तीसाठी वीजही बऱ्याचदा गुरुवारीच जाते, आणि तीन-चार तास पंप बंद राहिला की उन्हाळ्यात अख्खी बादली फुकट. माझा वार शुक्रवार, शनिवारी संध्याकाळी झाडांना, रविवारी हात रिकामे.

झाला की नाही हे फेसावरून ठरवायचं नाही. व्हिडिओत सगळे फेस दाखवून खूश होतात, पण फेस गुळाने येतो, प्रथिनांनी येतो, खतात चार गांडुळं मेलेली असली तरी येतो. नाकावर विश्वास ठेवा. मातीचा, किंचित गोडसर वास असेल तर उत्तम. गटाराचा, सडक्या अंड्याचा, आंबूस दारूचा वास आला तर ती बादली भाजीच्या कुंडीत नाही, कुठल्याच कुंडीत नाही, कंपोस्टच्या ढिगावर ओतायची. पंप बंद केल्यावर चार ते सहा तासात वापरून संपवायचा, उरवून ठेवायचा नाही, फ्रिजमध्ये तर नाहीच (आमच्याकडे एकदा हा प्रस्ताव आला होता, घरातल्या पुरुषवर्गाकडून, जागीच फेटाळला). आणि प्रत्येक वेळी नळी, स्टोन, बादली घासून उन्हात. स्टोनवर बुळबुळीत थर बसतो, तो तसाच ठेवला तर पुढच्या बादलीत त्याचीच भर पडते. व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रशने घासला की मोकळा होतो.

मुळाशी घालताना मी तसाच किंवा निम्मं पाणी मिसळून घालते, रोपं लहान असतील तर चारपट पाणी. पानांवर फवारायचा तर दोनदा गाळावं लागतं नाहीतर फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबतं, आणि सकाळी लवकर किंवा सूर्य गेल्यावरच, भर उन्हात अल्ट्राव्हायोलेटने जिवाणू मरतात आणि पानंही भाजतात. पंच्यात उरलेला चोथा फेकू नका, मोठ्या कुंडीत वरून पसरा, त्यात अजून खूप काही आहे.

भाजीवाल्यांनी हा एक मुद्दा नीट वाचा, याबद्दल पत्रकात एक अक्षर नाही आणि मला हे सगळ्यात खटकलं. गूळ-काकवीने चांगले जिवाणू वाढतात तसे वाईटही वाढू शकतात, मूळ खतात ई. कोलाय (पोट बिघडवू शकणारा जिवाणू) असेल तर तोही. गांडूळखत शेणापासूनच बनतं हे विसरू नका. अमेरिकेत नॅशनल ऑरगॅनिक स्टँडर्ड्स बोर्डाच्या कंपोस्ट टी टास्क फोर्सने २००४ मध्ये अहवाल दिला होता त्यात असलं गोड खाद्य घालून केलेल्या चहाबद्दल हाच इशारा आहे. म्हणून कोथिंबीर, पुदिना, पालक, लेट्यूस, मुळा असल्या कच्च्या खायच्या गोष्टींवर मी कधीच फवारत नाही, मुळाशीही लहान रोपं असतानाच घालते, काढणी जवळ आली की साधं पाणी. फुलझाडं, कढीपत्ता, मिरची-वांगी यांच्या मुळाशी बिनधास्त. ओतल्यावर हात साबणाने धुवायचे आणि लहान पोरांना त्या बादलीत खेळू द्यायचं नाही.

फरक काय पडला? कढीपत्त्याला सगळ्यात जास्त, दोन वर्षं तो नुसता उभा होता, फेब्रुवारीपासून नवीन फुटवे आले ते थांबेचनात. मिरचीची पानं गर्द झाली, मोगऱ्याला कळ्या भरपूर, पण मोगऱ्याची मी छाटणीही केली होती त्यामुळे श्रेय वाटून द्यावं लागेल. गुलाबाला फार फरक नाही, तो खादाड आहे, त्याला घट्ट खतच लागतं. जास्वंदीवरच्या मिलीबगला तर काडीचाही फरक पडला नाही, पांढरा कापूस तसाच, शेवटी जुना टूथब्रश, साबणाचं पाणी आणि निंबोळी तेल हेच कामाला आलं. दुधीच्या पानांवरची भुरीही (पांढऱ्या बुरशीचा रोग) गेली नाही. म्हणजे वाढीसाठी हो, रोग-किडीसाठी माझ्याकडून तरी नाही. कुंडीतल्या मातीचा पोत मात्र बदललाय हे खात्रीने सांगते, आधी पाणी वरच थबकायचं आणि कडेने निघून जायचं, आता मुरतं. अर्थात मी वरून पालापाचोळाही घालते, नुसत्या चहाने हे होईल असं समजू नका.

बाटलीबद्दल. झाकणावर सील, लेबलवर 'जिवंत सूक्ष्मजीव', वापरायची मुदत दोन वर्षं. आता हवेवर जगणारे जिवाणू, त्यांना खायला गूळ, आणि वरून हवाबंद झाकण, त्यांनी दोन वर्षं श्वास रोखून धरायचा का? उघडल्यावर फस्स असा आवाज आला आणि जो वास सुटला त्याने वरच्या मजल्यावरून फोन आला की ड्रेनेज तुंबलंय का. सगळी बाटली कंपोस्टच्या ड्रममध्ये रिकामी केली. काही उत्पादनांत सुप्तावस्थेत राहणारे ठरावीक जिवाणू असतात, ते टिकतात, त्यांच्या लेबलवर जिवाणूचं नाव आणि प्रमाण छापलेलं असतं, ते वेगळं. इथे तसलं काही नव्हतं.

जीवामृत का नाही करत असं दोघा-तिघांनी विचारलं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत शेतावर फार चांगलं, दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, पण ते कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर करून बघा, संध्याकाळपर्यंत सोसायटीचे सेक्रेटरी दारात. देशी गाईचं ताजं शेण आणायचं कुठून हा वेगळाच प्रश्न. चहाला घाण वास नाही, पाहुणे आले तरी बादली बाल्कनीत चालू असते, फ्लॅटसाठी हेच सोयीचं.

तर किटऐवजी काय घ्यायचं. रंगाची रिकामी बादली नको, आत केमिकल राहतं, साधी नवीन बादली घ्या किंवा घरातली. फिश टँकच्या दुकानातून डबल आउटलेटचा पंप, दोन स्टोन, नळी आणि तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सगळं मिळून पाचशेच्या आत-बाहेर. एकाऐवजी दोन स्टोन असले की दहा लिटरला हवा चांगली पुरते, किटमधला एक अपुराच पडतो. पंचा घरचा, काकवी घरची. उरलेले हजार रुपये चांगल्या खतावर घाला किंवा त्याहून उत्तम म्हणजे स्वतःचा गांडुळांचा डबा लावा. त्यासाठी आयसेनिया फेटिडा म्हणजे लाल गांडुळं किंवा युड्रिलस म्हणजे आफ्रिकन गांडुळं लागतात, ती पालाकचऱ्यातच राहतात. पावसात रस्त्यावर येतात ती उचलून डब्यात टाकू नका, ती जमिनीत खोल राहणारी जात, डब्यात मरतात. सोसायटीनेच मोठा प्रकल्प केला तर पुणे महापालिकेच्या मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट आहे, गांडूळखत, सोलर, रेनवॉटर यासाठी, पण प्रकल्प चालू स्थितीत हवा, नुसता सिमेंटचा खड्डा दाखवून चालत नाही. आमच्या सोसायटीत हा विषय दर मीटिंगला चहा-बिस्किटापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो.

डबा लावला तर एप्रिल-मेची काळजी घ्या. ३५ अंशाच्या वर गांडुळं हैराण होतात आणि आपल्याकडे गच्चीवर पारा चाळिशीला टेकतो. डबा उत्तरेच्या बाल्कनीत, वर ओलं पोतं, आणि उन्हाळ्यात कचरा कमीच टाकायचा कारण कुजताना तोही तापतो. लिंबाची सालं, लोणच्याचं खारं, तळणीचं तेल, शिळी आमटी यातलं काही नाही.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला, मी चहा बंदच ठेवला. कुंड्या आधीच भिजून चिंब, त्यात अजून पाणी ओतून मुळं कुजवायची का, आणि घातलेलं सगळं तळाच्या भोकातून गच्चीवरच वाहून जातं. तेव्हा नुसतं खत, कुंडीला दोन मुठी, वरची माती हलवून मिसळायचं. गणपती झाले, ऊन पडायला लागलं आणि माती वरून वाळायला लागली की परत शुक्रवारी पंप लावायचा.